म्युझिक प्लेअर घरच्या नेटवर्कशी जोडताना

भिवंडी, प्रतिनिधी - यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या भिवंडीत संगीताची आवड कमी नाही. मात्र बहुतेक घरांतील संगीताचा साठा चार ठिकाणी विखुरलेला असतो. कपाटाच्या वरच्या खणात ध्वनिफिती, टीव्हीखाली सीडी, बंद पडत आलेल्या संगणकात एमपी३ फाइल आणि उरलेले मोबाइलमध्ये. एखादे गाणे ऐकावेसे वाटले की ते कुठे आहे, याचाच शोध घ्यावा लागतो. हा सारा साठा एका जागी आणून घरातील कोणत्याही खोलीत ऐकण्याची सोय म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला म्युझिक प्लेअर.

बाजारात मिळणारी गाणी आज इंटरनेटवरही ऐकता येतात. पण गल्लीतल्या गणेशोत्सवात झालेल्या भजनाचे ध्वनिमुद्रण, घरातील वडीलधाऱ्यांच्या आवाजातील अभंग, लग्नात गायलेली गाणी किंवा मोहल्ल्यातील कव्वालीची रात्र पुन्हा कोठेही विकत मिळणार नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत ध्वनिफितींना बुरशी धरते, फीत चिकटते आणि आवाज विरत जातो. त्यामुळे ही जोडणी जितकी सोयीची, तितकीच घरातील ठेवा वाचवण्याचीही आहे. ती करताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, कोणत्या चुका टाळाव्यात आणि भिवंडीसारख्या दाट वस्तीच्या शहरात कोणत्या अडचणी येतात, याचा हा आढावा.

खिशातला प्लेअर आणि घरातला प्लेअर

'डिजिटल म्युझिक प्लेअर' म्हटले की अनेकांना खिशातले यंत्र आठवते. ॲपलचा पहिला आयपॉड २००१ मध्ये आला आणि २०२२ मध्ये या मालिकेचे उत्पादन थांबले. असे बहुतेक प्लेअर यूएसबी तारेने संगणकाला जोडून त्यात गाणी भरावी लागत. वाय-फाय नसलेले हे यंत्र थेट घरच्या नेटवर्कला जोडता येत नाही. त्यातील गाणी संगणकावर उतरवून घेणे किंवा त्याच्या हेडफोनच्या छिद्रातून स्पीकरला तार देणे, एवढेच त्याबाबत शक्य असते.

नेटवर्क प्लेअरची रचना वेगळी असते. त्यात गाणी साठवलेली नसतात. तो घरातील संगणकाकडून किंवा नेटवर्कवरील हार्ड डिस्ककडून गाणे मागवतो आणि स्पीकरला देतो. स्लिम डिव्हायसेस या अमेरिकी कंपनीने २००१ मध्ये या प्रकारचे सुरुवातीचे एक यंत्र आणले. त्यातूनच पुढे 'स्क्वीझबॉक्स' ही मालिका नावारूपाला आली आणि २००६ मध्ये ती कंपनी लॉजिटेकने विकत घेतली. ॲपलने २००४ मध्ये 'एअरट्यून्स' आणले, त्याचेच पुढे २०१० मध्ये 'एअरप्ले' झाले. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकावीत, म्हणून २००३ मध्ये उद्योगांनी एकत्र येऊन जी संघटना स्थापली तिचे नाव पुढे डीएलएनए झाले. संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली असली, तरी तिची पद्धत आजही असंख्य टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि हार्ड डिस्कमध्ये वापरात आहे.

कोणतीही पद्धत निवडली तरी चार घटक समान असतात. पहिला, गाण्यांचा साठा. दुसरा, तो साठा वाटणारा सर्व्हर. म्हणजे संगणकात चालणारा एक प्रोग्राम. तिसरा, प्रत्यक्ष प्लेअर आणि त्याला जोडलेले स्पीकर. चौथा, गाणे निवडण्याचे साधन, जे आज बहुधा मोबाइलच असते. या चौघांना जोडणारा दुवा म्हणजे राउटर. अडचण आली की ती या पाचांपैकी नेमकी कशात आहे, हे ओळखणे हीच निम्मी दुरुस्ती होय.

नवे महागडे यंत्र घेणे आवश्यकच असते असे नाही. २०१२ पासून मिळणारा रास्पबेरी पाय हा हातावर मावणारा संगणक मोफत सॉफ्टवेअरच्या साह्याने उत्तम नेटवर्क प्लेअर होतो. जुना अँड्रॉइड मोबाइल, नेटवर्क असलेला टीव्ही किंवा ॲम्प्लिफायर यांच्याकडूनही हे काम करून घेता येते.

वेग किती लागतो?

'आमचे इंटरनेट मंद आहे, मग हे चालेल का,' हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. घरातील साठा घरातच ऐकायचा असेल, तर इंटरनेटच्या वेगाचा संबंध येत नाही. इंटरनेट बंद असतानाही गाणी वाजू शकतात. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तेव्हा २५६ केबीपीएस हा वेगही ब्रॉडबँड गणला जात असे. त्या काळीही घरातल्या घरात संगणकावरून सीडीच्या दर्जाचे संगीत दुसऱ्या खोलीत पाठवणे शक्य होते.

हिशेब सोपा आहे. सीडीवरील ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट आणि दोन चॅनेल, अशा पद्धतीने साठवलेला असतो. त्याला सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट वेग लागतो. २००३ मध्ये मान्यता मिळालेल्या वाय-फाय प्रकाराचा कागदावरील वेग ५४ मेगाबिट होता. प्रत्यक्षात त्याच्या निम्माही मिळाला, तरी संगीताच्या गरजेपेक्षा तो कित्येक पट अधिक भरतो. म्हणूनच गाणे अडखळत असेल, तर कारण बहुधा वेग नसून संपर्कातील खंड असतो.

साठ्याचा हिशेबही आधीच करावा. सीडीच्या दर्जाचे एक मिनिट सुमारे १०.६ मेगाबाइट जागा घेते. तेच १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये सुमारे १ मेगाबाइट आणि ३२० केबीपीएसमध्ये सुमारे २.४ मेगाबाइट होते. एमपी३ करताना कानाला कमी जाणवणारा ध्वनी कायमचा गाळला जातो. तो परत मिळवता येत नाही. २००१ पासून उपलब्ध असलेल्या 'फ्लॅक' या प्रकारात मात्र काहीही न गाळता फाइल साधारण निम्म्यावर येते. ६० मिनिटांच्या १०० ध्वनिफिती असतील, तर मूळ दर्जात त्यांना सुमारे ६४ जीबी आणि फ्लॅकमध्ये त्याच्या निम्मी-पाऊण जागा लागेल. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ही जागा किरकोळ आहे. त्यामुळे दुर्मीळ ध्वनिमुद्रण एमपी३मध्ये जतन करण्याची काटकसर करू नये. मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी आणि मोबाइलसाठी हवी तर वेगळी एमपी३ प्रत काढावी.

ध्वनिफितींबाबत एक खबरदारी आवश्यक आहे. टेपसमोर मायक्रोफोन किंवा मोबाइल धरून ध्वनिमुद्रण करू नये. टेप डेकच्या 'लाइन आउट'मधून संगणकाच्या 'लाइन इन'ला तार द्यावी. 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. बुरशी दिसत असलेली फीत थेट डेकमध्ये घालू नये. ती डेकचे हेड खराब करते आणि पुढच्या चांगल्या फितींनाही लागते.

तार की वाय-फाय?

तार टाकणे शक्य असेल तेथे तारच टाकावी, हा नियम आजही खरा आहे. कॅट-५ई प्रकारची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत निर्वेध चालते. शेजारच्या कोणाच्याही राउटरचा तिला त्रास होत नाही. निदान साठा असलेला संगणक तरी राउटरला तारेने जोडावा. संगणक आणि प्लेअर दोन्ही वाय-फायवर असले, की एकच गाणे हवेतून दोनदा प्रवास करते; आधी संगणकाकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून प्लेअरकडे.

वाय-फायसाठी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन प्रमुख पट्टे वापरले जातात. पहिला पट्टा केंद्र सरकारने जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केला, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोकळीक २०१८ मध्ये वाढवण्यात आली. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून तुलनेने चांगल्या जातात, पण त्यात गर्दी अधिक. एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच - १, ६ आणि ११. धामणकर नाका, पद्मानगर, शांतीनगर अशा दाट वस्त्यांत मोबाइलवर एका वेळी डझनभर नेटवर्कची नावे दिसणे नवलाचे नाही. अशा ठिकाणी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन या तिघांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडल्यास फरक पडतो. प्लेअर राउटरच्या जवळच्या खोलीत असेल आणि त्यात सोय असेल, तर ५ गिगाहर्ट्झ अधिक बरा.

घराच्या बांधणीचाही परिणाम होतो. विटांच्या एखाद-दुसऱ्या भिंतीतून लहरी जातात, पण लोखंडी सळयांचा स्लॅब त्यांना बराच क्षीण करतो आणि पत्रा तर त्या जवळजवळ अडवतोच. खाली यंत्रमाग आणि वर राहती जागा, किंवा पोटमाळ्याला पत्र्याची भिंत, अशा जुन्या घरांत एका राउटरवर विसंबणे व्यर्थ ठरते. मजल्यावरून मजल्यावर एक केबल नेऊन वर दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणे, हाच तेथे खात्रीचा मार्ग. घरातील विजेच्या वायरिंगमधूनच नेटवर्क नेणारे ॲडॉप्टरही मिळतात. परंतु त्याच वायरिंगवर मोटारी चालत असतील किंवा दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील, तर ते बेभरवशाचे ठरतात.

जोडणीच्या पायऱ्या

१. राउटरवरील वाय-फायचे नाव आणि पासवर्ड लिहून घ्यावा. प्लेअर, मोबाइल आणि संगणक तिन्ही एकाच नेटवर्कवर असावेत. 'गेस्ट' नेटवर्कवर जोडलेली यंत्रे एकमेकांना बहुधा दिसत नाहीत.

२. पहिल्या जोडणीच्या वेळी शक्य असल्यास प्लेअर तारेने राउटरला जोडावा. तो सुरळीत चालला की मगच वाय-फायकडे वळावे. त्यामुळे पुढे अडचण आली, तर ती वाय-फायची आहे हे लगेच कळते.

३. राउटर प्रत्येक यंत्राला आपोआप एक आयपी पत्ता देतो. घरगुती नेटवर्कमध्ये तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. हा पत्ता बदलू शकतो. म्हणून साठा असलेल्या संगणकाचा आणि प्लेअरचा पत्ता राउटरच्या सेटिंगमध्ये राखून ठेवावा. 'काल चालत होते, आज सापडत नाही' ही तक्रार यामुळे बरीच कमी होते.

४. संगणकावर गाण्यांसाठी एकच मुख्य फोल्डर करावा. त्यात गायक किंवा प्रकारानुसार आणि त्याखाली अल्बमनुसार उपफोल्डर असावेत.

५. सर्व्हरचे सॉफ्टवेअर बसवून त्याला हा फोल्डर दाखवावा. स्क्वीझबॉक्ससाठी तयार झालेले मुक्त सॉफ्टवेअर आज 'लिरियन म्युझिक सर्व्हर' या नावाने मिळते. डीएलएनए पद्धतीचे अनेक मोफत सर्व्हरही आहेत. काही राउटरना यूएसबीचे छिद्र असते. त्यात पेन ड्राइव्ह लावून राउटरकडूनच सर्व्हरचे काम करून घेता येते.

६. सर्व्हरला साठ्याची यादी पूर्ण करू द्यावी. हजारो गाणी असतील, तर पहिल्या वेळी यास वेळ लागतो. या काळात काही गाणी दिसली नाहीत, म्हणून घाबरून सारे पुन्हा बसवू नये.

७. प्लेअरच्या यादीत सर्व्हर दिसू लागला की एक गाणे निवडून वाजवावे. तो दिसतच नसेल, तर संगणकाचे फायरवॉल त्या सॉफ्टवेअरला अडवत आहे का, हे प्रथम पाहावे. त्यानंतर राउटरमधील 'एपी आयसोलेशन' हा पर्याय बंद असल्याची खात्री करावी.

८. प्लेअरमधून ॲम्प्लिफायरला लाल-पांढऱ्या पिनांची तार किंवा ऑप्टिकल केबल द्यावी. तार लावताना ॲम्प्लिफायर बंद ठेवावा आणि पहिल्यांदा आवाज अगदी कमी ठेवून सुरू करावा.

दोन खोल्यांत एकच गाणे एकाच वेळी वाजवायचे असेल, तर दोन्ही प्लेअर एकाच पद्धतीचे असावेत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन स्पीकरमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागाचे तीन-चार अंश एवढा फरक पडला, तरी कानाला प्रतिध्वनी जाणवू लागतो. एकाच पद्धतीचे प्लेअर आपापली घड्याळे जुळवून घेतात. भिन्न पद्धतींत तसे होत नाही.

जुने यंत्र, नवा संगणक

अनेकांकडे २००५ ते २०१२ या काळात घेतलेले किंवा परदेशातील नातेवाइकांनी आणलेले नेटवर्क प्लेअर पडून आहेत. ते आजच्या घरात जोडताना दोन अडथळे येतात.

पहिला अडथळा सामायिक फोल्डरचा. जुनी यंत्रे विंडोजच्या सामायिक फोल्डरपर्यंत पोहोचण्यासाठी 'एसएमबी' या पद्धतीची पहिली आवृत्ती वापरतात. मे २०१७ मध्ये जगभर थैमान घालणारा 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्राम याच आवृत्तीतील त्रुटीतून पसरला. त्याच वर्षीपासून विंडोज १० च्या नव्या जोडणीत ही आवृत्ती मुळातच बंद ठेवली जाऊ लागली. त्यामुळे जुन्या प्लेअरला संगणक दिसतच नाही. ती आवृत्ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये. त्याऐवजी डीएलएनए सर्व्हर बसवला, तर संगणकाची सुरक्षा न घालवता तेच काम होते.

दुसरा अडथळा पासवर्डच्या पद्धतीचा. काही जुन्या यंत्रांना वाय-फायची 'डब्ल्यूईपी' हीच सुरक्षा कळते. ही पद्धत काही मिनिटांत फोडता येते आणि २००४ पासूनच ती कालबाह्य मानली गेली आहे. एका प्लेअरसाठी साऱ्या घराचे नेटवर्क त्या पातळीवर आणणे म्हणजे एका खिडकीसाठी घराचे दार उघडे टाकणे होय. असा प्लेअर तारेनेच जोडावा.

उघडे वाय-फाय आणि २००८ चा धडा

पासवर्ड मागितला जाऊ नये म्हणून वाय-फाय उघडेच ठेवणारी घरे पूर्वी कमी नव्हती. त्याचे गांभीर्य महाराष्ट्राला २००८ मध्ये कळले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांच्या आधी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या वाय-फायवरून गेल्याचे तपासात आढळले. त्यानंतरच्या ई-मेलसाठी माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरमधील एका कंपनीचे वाय-फाय वापरले गेले. ज्यांचा या कटाशी काही संबंध नव्हता, त्यांच्या दारापर्यंत पोलीस पोहोचले. पुढे २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघड्या वाय-फायविरुद्ध मोहीम घेतली आणि दूरसंचार विभागानेही सुरक्षेबाबत सूचना काढल्या.

म्हणून प्लेअर जोडण्यापूर्वी राउटरवर किमान डब्ल्यूपीए-२ सुरक्षा आणि लांब पासवर्ड असावा. राउटरच्या सेटिंगचा कारखान्यातून आलेला 'ॲडमिन' हा पासवर्ड बदलावा. बाहेरून घरातील गाणी ऐकता यावीत म्हणून राउटरचे पोर्ट इंटरनेटला उघडण्याचा मोह टाळावा; संगीताच्या सर्व्हरची रचना घराच्या चार भिंतींसाठी झालेली असते.

नावे देवनागरीत, उर्दूत, तेलुगूत

भिवंडीत मराठीबरोबरच उर्दू, हिंदी आणि पद्मानगर परिसरात तेलुगू बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. साहजिकच गाण्यांची नावेही अनेक लिप्यांत असतात आणि प्लेअरच्या पडद्यावर त्यांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात.

याचे मूळ जुन्या पद्धतीत आहे. एमपी३ फाइलमध्ये गाण्याची माहिती ठेवण्याच्या पहिल्या पद्धतीत नावासाठी केवळ ३० बाइट होते आणि तेही रोमन लिपीसाठी. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे त्या जागेत जेमतेम १० चिन्हे मावली असती. पुढील आवृत्तीत ही मर्यादा उठली आणि युनिकोडला जागा मिळाली.

दुसरी अडचण आपल्याकडील फॉन्टची. २००० च्या दशकात युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ठरावीक कंपनीच्या फॉन्टमध्ये टाइप केला जाई. तो फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. अशा फाइलची नावे युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणे हाच उपाय. हे काम कंटाळवाणे आहे खरे. पण ध्वनिफितीच्या खोळीवरील हस्ताक्षर ज्यांना वाचता येते ती माणसे घरात असतानाच ते उरकावे. कोण गाते आहे, कोणत्या साली, कोणाच्या घरी - ही माहिती कोणतेही सॉफ्टवेअर नंतर शोधून देऊ शकत नाही.

प्लेअरच्या छोट्या पडद्याला देवनागरी येतच नसेल, तर नावे देवनागरीतच ठेवून निवड मोबाइलवरून करावी. एका यंत्राच्या सोयीसाठी सारा साठा रोमन लिपीत बदलू नये. एकाच गायकाचे नाव तीन प्रकारे लिहिले गेले, की यादीत त्याचे तीन गायक होतात, हेही ध्यानात ठेवावे.

वीज आणि पाणी

भिवंडीचे वीज वितरण जानेवारी २००७ पासून फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवरकडे आहे. भारनियमनाचे ते दिवस मागे पडले असले, तरी वीज क्षणभर जाणे किंवा आसपासच्या मोटारी सुरू होताना दाब खाली येणे, एवढेही राउटर पुन्हा सुरू होण्यास पुरते. राउटर सुरू व्हायला एक-दोन मिनिटे लागतात. तोवर प्लेअर संपर्क सोडून देतो आणि दोष मात्र प्लेअरला दिला जातो. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस हा त्यावरील स्वस्त उपाय आहे.

हार्ड डिस्कसाठी वीज अचानक जाणे अधिक घातक. लेखन चालू असताना वीज गेली, तर फाइलच नव्हे, संपूर्ण यादी बिघडू शकते. साठा असलेला संगणक यूपीएसवर ठेवावा.

साठ्याची दुसरी प्रत नसेल, तर साठा नाही असेच समजावे. २६ जुलै २००५ च्या महापुरात ठाणे जिल्ह्यातील अनेक वस्त्यांत पाणी शिरले आणि तळमजल्यावरील घरांनी कागदपत्रांबरोबर छायाचित्रे आणि ध्वनिफितीही गमावल्या. एक प्रत घरात तळमजल्यापासून उंचावर आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे असावी. वर्षातून एकदा, उदाहरणार्थ पावसाळ्यापूर्वी, ही दुसरी प्रत प्रत्यक्ष लावून गाणी वाजतात की नाही ते तपासावे.

कंपनी बंद झाली तर?

नेटवर्क प्लेअर घेताना सर्वांत कमी विचारला जाणारा, पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. लॉजिटेकने २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्सची मालिका थांबवली आणि मार्च २०२४ मध्ये त्यासाठीची इंटरनेट सेवाही बंद केली. तरीही ती यंत्रे निकामी झाली नाहीत, कारण सर्व्हरचे सॉफ्टवेअर मुक्त होते आणि स्वयंसेवकांनी ते चालू ठेवले. याउलट गुगलने २०१५ मध्ये आणलेल्या 'क्रोमकास्ट ऑडिओ'चे उत्पादन २०१९ मध्ये थांबले आणि मार्च २०२५ मध्ये एका सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपताच ही यंत्रे घरात सुस्थितीत असूनही काही दिवस मुकी झाली. गुगलची 'प्ले म्युझिक' ही सेवा तर २०२० मध्ये बंदच झाली.

यातून खरेदीचा निकष मिळतो. इंटरनेटची तार काढून टाकल्यावरही घरातील गाणी वाजवू शकेल, असाच प्लेअर घ्यावा. विक्रेत्याकडे हीच चाचणी मागावी.

कायदा काय सांगतो?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनाच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे राहतात. म्हणजे १९६० साली प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाचे हक्क २०२० अखेरीस संपले. मात्र त्यातील शब्द आणि चाल यांचे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतात. कायद्यात खासगी वापरासाठी रास्त मुभा आहे. पण तीच गाणी इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवणे किंवा विकणे या मुभेत बसत नाही. घरातील नेटवर्कची तार खालच्या दुकानापर्यंत नेऊन ग्राहकांसाठी संगीत लावल्यास ते सार्वजनिक वादन ठरते आणि त्यासाठी हक्कधारकांचा परवाना लागतो.

अडचण आली तर

गाणे अडखळते - प्लेअर राउटरजवळ आणून पाहावा. तेथे नीट वाजले तर दोष वाय-फायच्या पोहोचीचा आहे. चॅनेल बदलावा किंवा तार टाकावी.

सर्व्हर दिसत नाही - तिन्ही यंत्रे एकाच नेटवर्कवर आहेत का, हे पाहावे. मग फायरवॉल आणि 'एपी आयसोलेशन' तपासावे.

सर्व्हर दिसतो, पण गाणे वाजत नाही - प्लेअरला तो फाइल प्रकार कळत नसावा. एखादी एमपी३ फाइल वाजवून पाहावी.

रात्री चालते, सकाळी नाही - संगणक झोपेत जात असावा. त्याच्या वीज-बचतीच्या सेटिंगमध्ये बदल करावा.

स्पीकरमधून घुमणारा 'हम्' आवाज येतो - प्लेअर आणि ॲम्प्लिफायर एकाच विजेच्या पट्टीवर लावावेत आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. ऑप्टिकल केबलची सोय असल्यास ती वापरल्याने ही तक्रार बहुधा दूर होते.

नवीन टाकलेली गाणी दिसत नाहीत - सर्व्हरला साठ्याची यादी पुन्हा करण्याचा आदेश द्यावा.

कामाचा क्रम ठरवताना मात्र प्लेअरची खरेदी शेवटी ठेवावी. प्लेअर पुढच्या महिन्यातही मिळेल. कपाटातील फिती तोवर आणखी एक पावसाळा काढतीलच, याची खात्री नाही. आधी ध्वनिमुद्रण, मग नावे, मग दुसरी प्रत आणि त्यानंतर जोडणी, हा क्रम ठेवल्यास एखादे यंत्र बिघडले तरी साठा शाबूत राहतो.